सोन्याच्या नॅनोकणावरून रेणूकडे इलेक्ट्रॉन गेला, हे दाखवायचं कसं : पहिल्या बीकरपासून शेवटच्या वाक्यापर्यंत

कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांतली एमएस्सी, पीएचडीची मुलं माझ्याकडे बहुतेक एकच आलेख घेऊन येतात. डावीकडे पहिला रामन स्पेक्ट्रम (लेसर पाडल्यावर विखुरलेल्या प्रकाशातून मिळणारा, रेणू ओळखायचा आलेख), उजवीकडे मिनिटभराने घेतलेला दुसरा. १३३६ वेव्हनंबरची, म्हणजे मूळ रेणूच्या नायट्रो गटाची रेषा खाली बसलेली, १४३५ ची, म्हणजे नव्या पदार्थाची, वर आलेली. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘हॉट इलेक्ट्रॉन ट्रान्सफर’. “सर, इलेक्ट्रॉन गेला!”

मी तीन गोष्टी विचारतो. पहिला स्पेक्ट्रम किती शक्तीवर घेतला? ती शक्ती नमुन्यापाशी मोजली का? आणि इलेक्ट्रॉन गेला, तर मागे राहिलेल्या होलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेचं, काय झालं? बहुतेकदा पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. मेहनत खरी असते, नमुनाही चांगला असतो, पण पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

सोन्याचे सुमारे ४० नॅनोमीटरचे कण, त्यांना चिकटवलेला ४-नायट्रोथायोफेनॉल (पुढे नुसतं एनटीपी), ६३३ नॅनोमीटरचा लेसर आणि रामन मायक्रोस्कोप एवढ्यावर हा प्रयोग उभा राहतो. प्रकाशात एनटीपीचे दोन रेणू जुळून डायमरकॅप्टोअॅझोबेंझीन (पुढे डीएमएबी) तयार होतं. त्याला इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ‘इलेक्ट्रॉन गेला’ हा दावा.

सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा

प्रकाश पडला की कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात. हाच प्लाझमॉन. हे झुलणं काही फेमटोसेकंदांतच (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) मोडतं आणि त्यातून जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि होल तयार होतात. साधारण शंभर फेमटोसेकंद ते एक पिकोसेकंद (हजार फेमटोसेकंद) या काळात ते आपसांत धडकून ऊर्जा वाटून घेतात. पुढच्या काही पिकोसेकंदांत ती ऊर्जा अणूंच्या जाळीत उतरते, कण तापतो, आणि त्यानंतर ती उष्णता भोवताली पसरते.

रेणूला इलेक्ट्रॉन मिळण्याचे दोन मार्ग आहेत. धातूत तयार झालेला तापलेला इलेक्ट्रॉन थंड होण्याआधी रेणूच्या रिकाम्या पातळीवर उडी मारतो, हा एक. दुसऱ्यात प्लाझमॉन मोडतानाच इलेक्ट्रॉन थेट रेणूच्या पातळीवर जन्माला येतो. मात्र त्याच प्रकाशाने कण तापतो आणि कणाभोवतीचं विद्युतक्षेत्रही वाढतं. उष्णतेनेही अभिक्रिया होऊ शकते. क्षेत्र वाढल्यामुळे रेणू स्वतःच जास्त प्रकाश शोषू शकतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी घडतात. नुसती रेषा बदलली म्हणून यातलं कुठलं कारण खरं, हे कळत नाही.

१. लेसर आणि धातूची जोडी ठरवा

हे बीकर हातात घेण्याआधीचं काम आहे. तुम्हाला कोणता लेसर मिळणार आहे, ते विचारून घ्या. फोटॉनची ऊर्जा ५३२ नॅनोमीटरला २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ६३३ ला १.९६ आणि ७८५ ला १.५८ असते.

लेसर ५३२ चा असेल तर चांदी घ्या. सोन्याच्या डी-पट्ट्यातले (खालच्या, भरलेल्या पातळ्यांतले) इलेक्ट्रॉन सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जोरात शोषण करू लागतात. त्यामुळे ५३२ वर सोनं तापतं जास्त आणि निकालाचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं. ६३३ किंवा ७८५ ला सोनं चालतं. एकट्या ४० नॅनोमीटरच्या कणाचा प्लाझमॉन ५३० च्या अलीकडे-पलीकडे असतो, हे खरं. पण मोजणीसाठी कणांचा थर वाळवला की कण एकमेकांजवळ येतात आणि जोडप्यांचा पट्टा ६०० च्या पुढे सरकतो. रामनचा संदेश मुख्यतः कणांमधल्या या फटींतूनच येतो.

चांदी घेणार असाल तर ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५०० मिलिलिटर पाण्यात उकळा, त्यात १% सायट्रेट १० मिलिलिटर घाला आणि तासभर उकळत ठेवा. सिल्व्हर नायट्रेट विकतच घ्या. चांदीच्या दागिन्यांचं हुपरी जवळ असल्यामुळे चांदीचा तुकडा नायट्रिकमध्ये विरघळवायची कल्पना दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येते. दागिन्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं. ते द्रावणात उतरलं की तुमचे कण नेमके कशाचे, हे सांगता येणार नाही.

२. काच आणि पाणी

निम्मे प्रयोग इथेच बिघडतात, आणि बिघाड कळतो पाच पायऱ्या पुढे गेल्यावर.

सोन्यासाठी वापरायची सगळी काच, ढवळायच्या चुंबकासकट, अम्लराजाने धुवा. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, ताजं मिसळलेलं, फ्यूम हूडमध्ये. सोनं शुद्ध करणाऱ्यांच्या ओळखीचंच हे मिश्रण आहे. त्यानंतर शुद्ध पाण्याने निदान दहा वेळा खंगाळा.

चांदीसाठी वापरलेली काच मात्र थेट अम्लराजात घालू नका. हायड्रोक्लोरिकमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर काचेला धरतो. ती आधी सौम्य नायट्रिक आम्लाने धुवा. चांदीची आणि सोन्याची भांडी वेगळी ठेवलीत तर हा प्रश्नच येत नाही.

*खबरदारी : अम्लराज बाटलीत भरून झाकण लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटते. अॅसिटोन किंवा इथेनॉलचा थेंबही राहिलेल्या भांड्यात ते ओतू नका. चष्मा, हातमोजे, अंगरखा, तिन्ही हवेत.*

पाणी १८.२ मेगाओम-सेंटिमीटर रोधकतेचं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं. नळाच्या पाण्यातले क्षार कणांना एकमेकांना चिकटवतात आणि चांदीबरोबर त्यातलं क्लोराइड लगेच दुधट होतं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं ‘डिस्टिल्ड वॉटर’ही चालत नाही. तुमच्या विभागात शुद्ध पाण्याचं यंत्र नसेल, तर जिथे आहे तिथून पाणी आणा, पण धुतलेल्या काचेच्या बाटलीत, आणि त्याच दिवशी वापरा.

३. सोन्याचं द्रावण

क्लोरोऑरिक आम्ल हवेतला ओलावा झटकन ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पाच मिलिग्रॅम तोलायला गेलात तर काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वाढताना दिसेल. म्हणून तोलूच नका. एक ग्रॅमची अख्खी बाटली १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे झालं १% साठ्याचं द्रावण. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा. यात स्टीलचा चमचा बुडवू नका, तो गंजतो आणि द्रावण बिघडतं.

मग :

अ) ४९.५ मिलिलिटर पाण्यात साठ्यातलं ०.५ मिलिलिटर घाला. हे ०.०१%, म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमोलर झालं.

आ) जोरात ढवळत उकळी आणा. वर कंडेन्सर लावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने इथे पाणी सुमारे ९८ अंशालाच उकळतं. थर्मामीटर १०० दाखवेपर्यंत थांबलात तर पाणी आटत राहील. बुडबुडे अखंड येऊ लागले की पुढे जा.

इ) ताजं केलेलं १% ट्रायसोडियम सायट्रेट ०.५ मिलिलिटर, एकाच दमात घाला. थेंबथेंब घातलंत तर कण लहानमोठे होतात. १ मिलिलिटर घातलंत तर कण साधारण १६ नॅनोमीटरचे होतील. सायट्रेट वाढलं की कण लहान होतात, हे लक्षात असू द्या.

ई) रंगाकडे बघत राहा. फिकट पिवळा आधी जवळजवळ नाहीसा होतो, मग करडी-निळसर झाक येते, मग जांभळट, आणि शेवटी कोकमाच्या आगळासारखा लाल. रंग बदलणं थांबल्यावरही पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या. मग ढवळत ढवळतच थंड करा.

*तपासणी : एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये यूव्ही-व्हिजिबल (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो, तो आलेख) घ्या. माथा ५२५ ते ५३० च्या आसपास हवा. ४०० नॅनोमीटरला शोषणांक सुमारे ०.६ असेल, तर घातलेलं जवळजवळ सगळं सोनं कणांत उतरलं. तो ०.४ असेल, तर उकळणं कमी पडलंय किंवा सोनं काचेवर बसलंय. ६५० च्या पुढे शेपूट उचललेली असेल तर हे द्रावण टाकून नवं करा. त्याच्यावर पुढचे पंधरा दिवस घालवू नका.*

४. रेणू चिकटवणं : आधी हिशेब, मग पिपेट

“थोडं जास्तच घालतो, म्हणजे नक्की चिकटेल,” असं म्हणून एनटीपी ओतलं जातं. जास्तीचे रेणू द्रावणात सुटे राहतात, वाळताना एकावर एक थर चढवतात, आणि मग आपण कशाचा स्पेक्ट्रम घेतोय हे कळेनासं होतं. हिशेब अवघड नाही, एकदा स्वतः करून बघा.

४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचं वजन सुमारे ६.५ × १०⁻¹⁶ ग्रॅम. आपल्या द्रावणात दर मिलिलिटरला ४.९ × १०⁻⁵ ग्रॅम सोनं आहे. म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ७.५ × १०¹⁰ कण. एका कणाचं क्षेत्रफळ ५,००० चौरस नॅनोमीटरच्या आसपास. एका रेणूला पाव चौरस नॅनोमीटर जागा धरली तर एका कणावर वीस हजार रेणू बसतात. गुणाकार केला की दर मिलिलिटरला २.५ नॅनोमोल येतात. १० मिलिलिटर द्रावणाला २५ नॅनोमोल, म्हणजेच एक मिलिमोलर द्रावणाचे फक्त २५ मायक्रोलिटर!

हा आकडा पाहून मुलं चकित होतात, कारण त्यांनी एक मिलिलिटर घातलेलं असतं. म्हणजे गरजेच्या चाळीस पट.

अ) एनटीपी १.५५ मिलिग्रॅम, १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये. बाटलीवरची शुद्धता वाचा. हे रसायन बऱ्याचदा ८०% शुद्धतेचं येतं आणि जुनं झालं की रेणू आपसांत जुळून डायसल्फाइड होतं. द्रावण रोज ताजं करा.

आ) १० मिलिलिटर सोन्याचं द्रावण ढवळत ठेवा, त्यात २० मायक्रोलिटर हळूहळू सोडा. पूर्ण थरापेक्षा मुद्दाम थोडं कमी. सायट्रेटचा ऋणभार कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. एनटीपीवर तसा भार नसतो. थर भरत आला की कण गोळा होऊ लागतात.

इ) दोन तास अंधारात ठेवा. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे ३,००० जीवर दहा-पंधरा मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा, तेवढंच शुद्ध पाणी घाला. हे एकदाच. दुसऱ्यांदा धुतलंत की कण खाली घट्ट बसून परत सुटत नाहीत.

‘जी’ म्हणजे गुरुत्वाच्या किती पट बल ते; आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्हे. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ६,००० आरपीएम म्हणजे सुमारे ३,२०० जी. तुमच्या रोटरची त्रिज्या मोजून घ्या.

*तपासणी : पुन्हा यूव्ही-व्हिजिबल. माथा दोन-चार नॅनोमीटर लालकडे सरकला तर रेणू चिकटले. पण हे सरकणं मुख्यतः कणाभोवतीचा अपवर्तनांक बदलल्यामुळे होतं. ‘माथा सरकला, म्हणजे भार गेला’ असं लिहू नका. ६०० ते ७०० च्या दरम्यान खांदा दिसला तर कण गोळा झालेत.*

५. थर वाळवणं

सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, वर पेट्रीडिश उपडी घाला, अंधारात वाळू द्या. मार्चमध्ये तो तासाभरात वाळतो. श्रावणात संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो आणि कडेला कॉफीच्या डागासारखं जाड कडं तयार होतं. घाईने हेअर ड्रायर लावू नका. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा.

वहीत खोलीतली आर्द्रता आणि तापमान लिहा. ही नोंद दहाव्या पायरीत लागणार आहे. आज तिचं महत्त्व कळणार नाही, पण लिहा.

६. लेसरची शक्ती नमुन्यापाशी मोजा

सॉफ्टवेअरमधला ‘१%’ हा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. माझ्या स्वतःच्या बाबतीत फिल्टरचं चाक एका जागी अडकलं होतं. पडद्यावर १% दिसायचे, नमुन्यावर त्याच्या दहापट प्रकाश पडत होता. पावसाळ्याचे दोन महिने मी रेणूला आणि द्रावणाला दोष देत बसलो. पॉवर मीटर ऑब्जेक्टिव्हखाली धरल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक फिल्टरची शक्ती ऑब्जेक्टिव्हच्या खाली मोजून वहीत लिहितो.

मिलिवॉट हा आकडा लहान वाटतो, म्हणून हेही करून बघा. ५० एक्स, ०.७५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं, त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हखाली ६३३ चा ठिपका सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा असतो. एक मिलिवॉट तेवढ्यात कोंबला की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ लाख वॉट होतात. भर दुपारचं ऊन दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.१ वॉट असतं. म्हणजे बारा लाख पट! १० एक्स, ०.२५ एनएचा ऑब्जेक्टिव्ह लावला तर ठिपका पसरतो आणि तीव्रता नऊ पटीने उतरते. सुरुवात करणाऱ्यांनी १० एक्सच वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. संदेश क्षीण येतो, पण खरा येतो.

सिलिकॉनची रेषा ५२०.७ ला आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या.

*खबरदारी : लेसरच्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय पॉवर मीटर सरकवू नका. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. त्यांच्यावरून परावर्तित झालेला किरण डोळ्यात जातो.*

७. पहिला स्पेक्ट्रम

सगळा प्रयोग या एका स्पेक्ट्रमवर उभा आहे.

मागे एक विद्यार्थिनी सहा महिन्यांचा डेटा घेऊन आली होती. तिच्या पहिल्याच स्पेक्ट्रममध्ये ११४०, १३९० आणि १४३५ या तिन्ही रेषा होत्या. म्हणजे तिने ‘सुरुवात’ म्हणून जे नोंदवलं होतं, तिथे अभिक्रिया निम्मी उरकली होती. फोकस नीट करायला ती प्रत्येक वेळी त्याच जागी अर्धा मिनिट लेसर चालू ठेवत होती. तिच्या हातात कौशल्य होतं, नमुने उत्तम होते. चूक होती ती फोकस करण्याच्या सवयीत.

अ) फोकस पांढऱ्या दिव्यावर करा. लेसरने करावाच लागला तर शेजारच्या जागेवर करा आणि मग स्टेज निदान १० मायक्रोमीटर सरकवा.

आ) सर्वांत कमी शक्ती लावा, ०.०१ ते ०.०५ मिलिवॉट. मोजणीचा काळ संदेश जेमतेम दिसेल एवढाच.

इ) शटर उघडा, नोंद घ्या, शटर बंद करा.

ई) हेच दहा नव्या जागांवर करा.

या रेषा ओळखता आल्या पाहिजेत. एनटीपी : १०८० च्या आसपास, ११०८, १३३६ (नायट्रो गटाची), १५७२. डीएमएबी : ११४०, १३९०, १४३५ ते १४४०. आणि नायट्रो पूर्ण क्षपित होऊन अमिनो गट झाला, तर १०७८ आणि १५९० च्या पुढे.

*तपासणी : दहापैकी दहा जागांवर १४३५ ची रेषा नसेल तरच पुढे जा. दिसली तर शक्ती आणखी कमी करा. अगदी तळाच्या शक्तीवरही दिसत असेल, तर नमुना वाळताना उजेडात राहिला होता का, ते आठवा.*

८. वेळ, शक्ती आणि डोस

एका जागी, एका शक्तीवर, ठरावीक अंतराने स्पेक्ट्रम घेत राहा. ही वेळेची मालिका. तिच्यात फक्त १३३६ उतरली म्हणून खूश होऊ नका. रेणू सुटून गेला तरी ती उतरते, जळून गेला तरी उतरते. १३३६ उतरताना १४३५ चढली पाहिजे, आणि १०८० ची रेषा साधारण जागेवर राहिली पाहिजे. १३५० आणि १५८० ला रुंद फुगवटे आले तर तो कोळसा आहे, नमुना जळतोय. १३५० चा फुगवटा १३३६ च्या बुडाशीच येतो. म्हणून बेसलाइन वजा करायच्या आधीचा मूळ आलेख नेहमी पाहा.

मग डोसची चाचणी. शक्ती गुणिले वेळ सारखी ठेवा : ०.१ मिलिवॉट १०० सेकंद, ०.५ मिलिवॉट २० सेकंद, १ मिलिवॉट १० सेकंद. तिन्हींत दहा मिलिजूल. प्रत्येकासाठी निदान दहा नव्या जागा. शेवटी परत तळाच्या शक्तीवर येऊन मोजणी करा, म्हणजे तुलना एकाच मापाने होईल.

रूपांतर तिन्हींत सारखं आलं, तर वेग शक्तीच्या सम प्रमाणात आहे. फोटॉनच्या हिशेबाने चालणाऱ्या प्रक्रियेकडून हीच अपेक्षा असते. जास्त शक्तीवर रूपांतर झपाट्याने वाढलं, तर उष्णतेचा किंवा एकाहून अधिक फोटॉनचा संशय घ्या. पण सरळ रेषा आली म्हणून उष्णता नाही, असं होत नाही. तापमान थोडंसंच वाढत असेल तर उष्णतेचा परिणामही त्या टापूत सरळ रेषेसारखाच दिसतो. इथेच पुष्कळ जण थांबतात. थांबू नका.

९. उष्णता वेगळी काढा

तीन चाचण्या, सोप्यापासून अवघडाकडे.

*अंधारातली भट्टी.* तसाच नमुना हॉट प्लेटवर अंधारात ८० ते १०० अंशाला दहा मिनिटं ठेवा, थंड करा, तळाच्या शक्तीवर स्पेक्ट्रम घ्या. डीएमएबी दिसलं नाही तर निदान त्या तापमानापर्यंत नुसत्या उष्णतेने काम होत नाही, एवढं कळलं. आणि एवढंच कळलं. लेसरखालची फट याहून जास्त तापत असू शकते.

*नायट्रो नसलेला रेणू.* साधा थायोफेनॉल तसाच चिकटवा, तेवढाच प्रकाश द्या. क्षेत्र तेच, उष्णता तीच, पण इलेक्ट्रॉन घेणारा गट नाही. त्याच्यातही कोळशाचे फुगवटे आले तर तुमची शक्ती जास्त आहे. सोन्याशिवाय, नुसत्या एनटीपीच्या भुकटीवरही एक स्पेक्ट्रम घ्या.

*अँटी-स्टोक्स.* म्हणजे लेसरपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन परतणारा रामन प्रकाश. तुमच्या यंत्रात लेसरच्या दोन्ही बाजू दिसतात का, ते विचारा. बहुतेक यंत्रांत निळी बाजू फिल्टरने कापलेली असते. दिसत असेल तर हा सर्वांत उपयोगी थर्मामीटर आहे, कारण तो त्या रेणूचंच तापमान सांगतो. १०८० च्या रेषेसाठी बोल्ट्झमन घटक (कंपनाच्या वरच्या पातळीवरच्या रेणूंचं खालच्यांशी प्रमाण) २७ अंशाला सुमारे ०.००५६ असतो, १२७ अंशाला सुमारे ०.०२०. म्हणजे शंभर अंश वाढले की अँटी-स्टोक्सचं प्रमाण साडेतीन पटीच्या पुढे जातं. मात्र प्लाझमॉन दोन्ही बाजूंना सारखा उजाळा देत नाही. म्हणून गुणोत्तरावरून थेट तापमान काढू नका. तळाच्या शक्तीवरचं गुणोत्तर खोलीच्या तापमानाचं धरा आणि त्याच्याशी तुलना करा.

१०. होलचा हिशेब

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

एनटीपीचे दोन रेणू जुळून एक डीएमएबी व्हायला आठ इलेक्ट्रॉन आणि आठ प्रोटॉन लागतात. म्हणजे एका रेणूमागे चार. एका कणावर वीस हजार रेणू बसलेत, हे आपण चौथ्या पायरीत मोजलं. सगळे बदलले तर ऐंशी हजार इलेक्ट्रॉन कणावरून जायला हवेत. आता २० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणावरून हवेत एक इलेक्ट्रॉन काढला, तर त्याचं विभव सुमारे ०.०७ व्होल्टने चढतं. तीस इलेक्ट्रॉन गेले की ते दोन व्होल्टच्या पुढे जातं आणि १.९६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनला पुढचा इलेक्ट्रॉन बाहेर ढकलता येत नाही. शेजारच्या कणांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण ऐंशी हजारांच्या जवळपासही पोचणार नाही. म्हणजे गेलेल्या इलेक्ट्रॉनची भरपाई कुणीतरी सतत करत असतं. कोण करतं, हे खात्यावर दाखवल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

संशयित मोजकेच आहेत : उरलेलं सायट्रेट, इथेनॉल, पाणी, क्लोराइड. म्हणून हे करा :

अ) धुतलेला आणि न धुतलेला असे दोन नमुने शेजारी ठेवून वेग मोजा. न धुतलेला जास्त वेगाने चालला, तर सायट्रेट होल खात असण्याची शक्यता मोठी.

आ) थोडं इथेनॉल घातलेल्या पाण्याच्या थेंबाखाली मोजा, आणि नुसत्या पाण्याखाली. काचेची कव्हरस्लिप लावल्यावर शक्ती पुन्हा मोजायला विसरू नका.

इ) नायट्रोजनखाली आणि हवेत मोजा. ऑक्सिजन स्वतः इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे तो एनटीपीचा वाटेकरी ठरू शकतो. एनटीपीऐवजी ४-अमिनोथायोफेनॉल वापरत असाल तर गोष्ट उलटी आहे. तिथे डीएमएबी ऑक्सिडीकरणाने होतं आणि ऑक्सिजन लागतोच. दोन्ही रेणूंतून एकच पदार्थ मिळतो म्हणून ‘इलेक्ट्रॉन रेणूकडे गेला’ हे वाक्य दोन्हीकडे चिकटवू नका.

ई) पाचव्या पायरीतली आर्द्रतेची नोंद आता काढा. प्रोटॉन लागतात, आणि ते थरावर बसलेल्या पाण्यातून येऊ शकतात. मे महिन्यातला आणि जुलैतला वेग जुळत नसेल तर द्रावणाला दोष देण्याआधी ही नोंद बघा. शक्य असेल तर एकाच नमुन्याचे दोन तुकडे करून, एक कोरड्या नायट्रोजनमध्ये आणि एक ओल्या नायट्रोजनमध्ये मोजा.

११. निष्कर्षाचं वाक्य

पुरावा जेवढा, तेवढंच वाक्य लिहा. फक्त सातवी आणि आठवी पायरी झाली असेल तर लिहा : ‘६३३ नॅनोमीटर प्रकाशात सोन्याच्या कणांवर एनटीपीचं डीएमएबीत रूपांतर झालं.’ हे वाक्य पूर्ण खरं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. नवव्या पायरीतल्या चाचण्या जमल्या असतील तर ‘मोजलेल्या तापमानवाढीने या वेगाचं स्पष्टीकरण होत नाही’ एवढं जोडा. होलचा वाटेकरी बदलल्यावर वेग बदलला, हेही हाती असेल, तर ‘प्रकाशामुळे धातूकडून रेणूकडे भार जातो, याला हे निष्कर्ष दुजोरा देतात’ असं म्हणता येईल.

इलेक्ट्रॉन आधी धातूत तापला आणि मग उडाला, की थेट रेणूच्या पातळीवरच जन्मला, हे या मांडणीतून सांगता येत नाही. त्याला फेमटोसेकंदाची मोजणी लागते. प्रबंधात त्याबद्दल एक शब्दही दाव्याच्या सुरात लिहू नका. परीक्षक नेमका तोच विचारतात.

वेगाचे आकडे देताना प्रत्येक शक्तीसाठी किती जागा मोजल्या आणि त्यांच्यात किती फरक पडला, ते लिहा. एकाच ठिपक्यात अनेक फटी असतात, प्रत्येकीचा वेग वेगळा. एका सुंदर जागेवर एक घातांकी वक्र बसवून काढलेला वेगांक त्या जागेपुरताच असतो.

१२. उरलेलं द्रावण

सोन्याचं, चांदीचं आणि थायॉलचं (एनटीपीसारख्या गंधकाच्या रेणूंचं) उरलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. ते शेवटी पंचगंगेकडेच जातं आणि चांदी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना मारते. तीन वेगळ्या बाटल्या ठेवा, वर तारीख आणि नाव लिहा. सोन्याच्या बाटलीतून पुढे सोनं परत काढता येतं. थायॉलची बाटली हूडमध्येच ठेवा, झाकण घट्ट. अम्लराज वापरून झालं की उघड्या बीकरमध्ये हूडखाली रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी ते भरपूर पाण्यात हळूहळू ओतून सौम्य करा, सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करा आणि त्यात सोनं उतरलेलं असेल तर सोन्याच्या बाटलीत जमा करा.